नेमचा काही नेम नाही

अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
टॉवेलांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून
मी हजेरीचं पान बनवत होतो.
कडा शिवणाऱ्या सतरा जणी. शनिवारी पगार.

सतरा नावं एका यादीत भरली
आणि यादीला म्हटलं नेम.
साधा शब्द, कुणालाही सुचेल असा.
मग विचारलं, किती जणी?
पान म्हणालं, दोनशे अकरा.

पहिली कोण?
अ.
अंबूबाई चिलवेरीतला नुसता अ,
वरची टिकलीसुद्धा नाही.
दुसरी कोण?
ठिपक्यांचं एक गोल, आणि त्यावर ती टिकली.

इराप्पा जॉबर मागून वाकला :
"काय बे, दोनशे जणींचा पगार
तुझ्या खिशातून देणार का?"
अंबूबाईंच्या दातांत दोरा होता.
त्या काही बोलल्या नाहीत.

कंस मोजले. स्वल्पविराम मोजले.
चहावर साय आली.
चूक असती तर लाल अक्षरं आली असती.
लाल काहीच नव्हतं.
पान अगदी समाधानात होतं.

दुपारी कळलं.
ब्राउझर ज्या जागेला खिडकी म्हणतो
तिच्याकडे नेम आधीपासूनच होतं, तिचं स्वतःचं.
मी उघड्यावर उभा राहून नवं नाव ठेवतोय असं समजलो,
आणि दिली सतरा माणसं तिच्या हातात.
तिला यादी कळत नाही. तिला मजकूर कळतो.
तिने स्वल्पविरामांचे टाके घालून
कडेला कड शिवली,
सतरा बायकांचं एकच लांब कापड.

नऊ वर्षांचा होतो,
मंगळवेढ्याहून अशोक चौकात राहायला आलो तेव्हा.
नळावर एका मुलीनं विचारलं, "नी पेरेमि?"
मी खिशात हात घातला,
म्हटलं, पेरू नाही, बोरं आहेत.
सगळी रांग हसली. बादल्यासुद्धा.
मला काय माहीत, त्या बोळात
पेरु म्हणजे नाव,
आणि तो शब्द तिथे
माझ्या कितीतरी आधी राहायला आला होता.

तर, नेम खोडलं, लिहिलं कामगार.
सतरा.
पहिली, अंबूबाई चिलवेरी, अख्खी.

पण त्याच टॅबमध्ये ऑर्डरींचं पान उघडलं,
सहज विचारलं, नेम?
दोनशे अकरा अक्षरं तशीच बसलेली,
पान बदललं तरी उठली नव्हती.

आणि स्टेटस. तेही तिचंच निघालं.
पगार दिला का, याच्यापुढे मी लिहिलं होतं फॉल्स.
तिने त्याचाही मजकूर केला,
आणि मजकूर रिकामा नसला
की यंत्राला तो होकारच वाटतो.
शुक्रवारीच सतरा जणींसमोर हिरवी खूण : पोचला.
"नाही" असं स्वच्छ लिहिलेलं,
आणि वाचणारा म्हणतो, हो.

इराप्पा खूश. म्हणाला, राहू दे बे असंच.
अंबूबाईंनी दोरा दातांतून काढला.
"नाही लिवलंय ना तिथं?
मग नाहीच वाच की."

संध्याकाळी सगळं एका फंक्शनमध्ये कोंबलं,
दोन कंसांच्या आत, आपल्या घरात.
आत कुणालाही काहीही म्हणा,
खिडकीला पत्ता लागत नाही.
टॉप नावाच्या एका शब्दाला मात्र मी हात लावला नाही.
उघड्यावर त्यात काहीही टाका,
गुपचूप गिळतो आणि होता तसाच राहतो.
असली माणसं मला माहीत आहेत.

माग थांबले. कानात आवाज उरला.
अंबूबाई चप्पल शोधत होत्या.
"त्या खिडकीचं नाव काय होतं पण,
तू आमची घालायच्या आधी?"

काहीच नाही, म्हटलं. रिकामं होतं.

"रिकामं," त्या म्हणाल्या,
"पण होतं."